आयोडीन जास्त झाल्यानेही लेकीचा थायरॉइड बिघडू शकतो का?

अबोली_पण_बोलकी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःच्या गरजेपोटी लिहितेय.

लेक सात वर्षांची. मधे सारखी दमायला लागली, पोट साफ होईना, म्हणून रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) ९.८ आला, वाढलेला. फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवतो ते संप्रेरक) मात्र व्यवस्थित. डॉक्टरांनी विचारलं, "आयोडीनचं वेगळं काही देता का?" मी ठामपणे नाही म्हटलं. मिठाखेरीज कुठे असतं आयोडीन? घरी आले, कपाट उघडलं आणि समोर तो डबा. मोठ्या जाऊबाईंनी कौतुकाने दिलेली समुद्री शैवालाची हिरवट पूड. मुलांची वाढ, केस, बुद्धी, सगळं डब्यावर लिहिलंय. तीन महिने रोज सकाळी दुधातून अर्धा चमचा जातोय पोरीच्या पोटात. बारीक अक्षरात 'आयोडीनचा नैसर्गिक स्रोत'. किती, ते नाही.

आता घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, थायरॉइडला आयोडीन लागतंच, लागतं त्यानेच तो बिघडेल कसा? पूड बंद केलीस तर टीएसएच अजून चढेल. सासूबाई म्हणतात, आयोडीनचं मीठच घरातून हद्दपार करा. डॉक्टरांची पुढची वेळ सोमवारची आहे. तोवर मी काय करू? कुणाच्या मुलांना असं झालंय का?

टिपकागद

वाचतेय. माझ्याकडेही असाच एक डबा आहे. भीती वाटली.

खडूस_काका

सोमवारची वाट कशाला? आजच दवाखान्यात फोन करून पुडीचं सांगा. "मी नाही म्हटलं होतं, पण आहे" हे सांगायला लाजू नका. डॉक्टरांना अर्धवट माहिती देणारे पालक मी रोज आरशात बघतो. 🙂

आणि सोमवारी डबा बरोबर घेऊन जा.

रानवारा

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मलाही पडलाय. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हे शाळेत शिकलो. मग जास्त घेतलं तर फार तर लघवीतून निघून जाईल ना?

सूक्ष्मदर्शक

प्रयोगशाळेत संप्रेरकांच्या चाचण्या करण्यात माझी वीस वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही. पण रानवारा यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल.

निघून जातं हे खरं. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून जास्त लघवीवाटेच जातं. पण जाण्याआधी ते रक्तातून फिरतं, आणि थायरॉइडची ग्रंथी ते ओढून घ्यायला टपलेली असते. तिच्या पेशींवर आयोडीन आत खेचणारे पंप असतात. माणसाच्या इतिहासात आयोडीनची टंचाईच जास्त, त्यामुळे मिळेल ते साठवायचं ही तिची जुनी खोड. टी४ च्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू, टी३ मध्ये तीन.

गंमत अशी की पेशीत आयोडीन एका मर्यादेपलीकडे साचलं की ते प्रथिनाला जोडण्याचं कामच थांबतं. संप्रेरक बनणं बंद. १९४८ साली वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी उंदरांवर हे दाखवलं, म्हणून त्याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात. कच्चा माल दारात ढिगाने पडलाय आणि कारखाना ठप्प.

निरोगी माणसात हे फार दिवस टिकत नाही. काही दिवसांत पेशी आपले पंपच कमी करते, आतलं आयोडीन उतरतं आणि काम पुन्हा सुरू होतं. आम्ही याला 'सुटका' म्हणतो. ज्यांची सुटका होत नाही, ते अडकतात. कोण अडकतं? पोटातलं बाळ आणि नवजात (ही सोय गरोदरपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पक्की होते), ज्यांच्या शरीरात थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत ते, आणि ज्यांच्यावर ओव्हरडोसचा मारा रोज, महिनोन् महिने चालू आहे त्यातले काही.

मग टी४ कमी पडायला लागलं की मेंदूतली पियूषिका ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला जुंपते. टीएसएच वाढला की ग्रंथी फुगते. म्हणजे आयोडीन कमी पडलं तरी गलगंड, फार जास्त झालं तरी गलगंड.

रानवारा

दोन्हीकडून गलगंड! हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

अबोली_पण_बोलकी

काका, फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. पूड आजच बंद करा, मीठ नेहमीचंच ठेवा, अँटीबॉडीची तपासणी सोमवारी करू, असं म्हणाले. थायरॉइडची गोळी लगेच नाही.

सूक्ष्मदर्शक दादा, पण "फार जास्त" म्हणजे किती? मला आकडा हवाय, म्हणजे नवऱ्यापुढे ठेवता येईल.

सूक्ष्मदर्शक

आकडे देतो, पण एकक आधी नीट बघा. इथे सगळा घोळ मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये होतो. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाची रोजची गरज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १२० मायक्रोग्रॅम. पाच वर्षांखालच्यांना ९०, मोठ्यांना १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. आता वरची मर्यादा, म्हणजे रोज याच्यापुढे जाऊ नये अशी. अमेरिकेच्या तक्त्यात चार ते आठ वर्षांसाठी ३०० आहे, युरोपच्या तक्त्यात सात ते दहा वर्षांसाठीही ३००. तुमच्या लेकीच्या वयाला दोघांचं एकमत आहे. एक ते तीन वर्षांच्या लेकराला दोन्हीकडे २००. लहान मुलांत गरज आणि मर्यादा यांच्यातली फट अशी अरुंद असते. मोठ्यांना अमेरिका ११०० पर्यंत मोकळीक देते, युरोप ६००. आईने स्वतःला चाललं म्हणून लेकराला दिलं, तिथे गडबड होते.

आता शैवाल. वेगवेगळ्या शैवालांत आयोडीन मोजलं तर एका ग्रॅममध्ये नोरी या जातीत १६ मायक्रोग्रॅम आणि केल्प या जातीच्या दाण्यांत ८००० च्या वर, इतकी तफावत सापडलेली आहे. पाचशे पट! त्यामुळे "शैवाल चांगलं की वाईट" हा प्रश्नच चुकीचा. तुमच्या अर्ध्या चमच्याचं वजन किती भरतं?

अबोली_पण_बोलकी

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दीड ग्रॅम. डब्यावर फक्त 'समुद्री शैवाल' लिहिलंय, जात नाही.

सूक्ष्मदर्शक

मग ती पूड नोरीची असेल तर २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे किरकोळ. केल्पची असेल तर १२,००० पर्यंत. तीनशेच्या मर्यादेच्या चाळीस पट. डब्यावर आकडा नसेल तर आपण अंधारात चमचा भरतोय.

आदिमानव

सगळे घाबरवताय उगाच. जपानी लोक पिढ्यान् पिढ्या रोज १२-१३ मिलिग्रॅम आयोडीन खातात आणि ठणठणीत आहेत. मी स्वतः दोन वर्षं लुगोलचे (आयोडीनच्या द्रावणाचे) दोन थेंब पाण्यातून घेतो. मुलाच्या मनगटावर आयोडीनचा ठिपका लावून बघा, चोवीस तासांच्या आत पुसट झाला तर शरीराला आयोडीन हवंय. आमचा तर सहा तासांत गेला.

सूक्ष्मदर्शक

आदिमानव, तुम्ही मोठे आहात, तुमचा थायरॉइड, तुमची मर्जी. मुलांसाठी हे वाचून कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

लुगोलचं ५ टक्क्यांचं द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम आयोडीन आणि १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. दोन्हींतलं मिळून एका थेंबात सहा हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन येतं. सात वर्षांच्या मुलाची वीस दिवसांची कमाल मर्यादा एका थेंबात!

ठिपक्याचं: कातडीवरचं आयोडीन काही उडून जातं, काही कातडीत मुरतं, काहीचा रंगहीन आयोडाइड होतो. उन्हात, घामात, कोरड्या हवेत ठिपका वेगवेगळा पुसट होतो. शरीरातल्या साठ्याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही.

जपानचं १२-१३ मिलिग्रॅम हे शैवालाचं ओलं वजन सुकं समजून केलेल्या गुणाकारातून आलंय. नीट अंदाज काढले तर तिथलं सरासरी सेवन दिवसाला १ ते ३ मिलिग्रॅम निघतं. तेही भरपूरच. पण "ठणठणीत" म्हणताना होक्काइडोचा किनारा विसरू नका. तिथल्या कोंबू (एक प्रकारचं केल्प) खाणाऱ्या कोळी वस्त्यांत गलगंड आढळतो, हे तिथल्याच डॉक्टरांनी १९६० च्या दशकात लिहून ठेवलंय.

२००५ साली झिमरमन आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या सहा ते बारा वर्षांच्या ३३१९ मुलांची लघवी तपासली आणि सोनोग्राफीने थायरॉइड मोजला. होक्काइडोच्या किनाऱ्यावरच्या मुलांत लघवीतलं आयोडीन लिटरला ७२८ मायक्रोग्रॅम निघालं (मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), आणि त्यांच्या थायरॉइडचा आकार बाकीच्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट होता. मात्र याच अभ्यासातली दुसरी गोष्ट दडवणं बरोबर नाही. लघवीतलं आयोडीन लिटरला ३०० ते ५०० च्या दरम्यान असलेल्या मुलांत ग्रंथी मोठी झालेली नव्हती. आकार चढायला लागला तो ५०० च्या पुढे. म्हणजे जरा जास्त झालं की आकाश कोसळत नाही. पण पाच-दहा पट रोज गेलं तर मुलांची ग्रंथी फुगू शकते.

आदिमानव

ओल्या-सुक्याचं माहीत नव्हतं. बाकी मला पटलेलं नाही. मुलाला देत नाही मी, फक्त स्वतः घेतो.

खडूस_काका

मनगटावर ठिपका मुलाच्या, थेंब स्वतःच्या. बरं आहे. एवढं करा, वर्षातून एकदा टीएसएच बघत जा.

दोन_वेण्या

अबोलीताई, आमची कथा थोडी वेगळी आहे, पण सांगते. धाकटा नवव्या महिन्याआधीच झाला, सिझेरियन. आठव्या दिवशी नवजात तपासणीचा निरोप आला, टीएसएच खूप वाढलाय, बाळाला घेऊन या. पायाखालची जमीन सरकली. जन्मजात थायरॉइड नाही की काय, इथपर्यंत विचार गेले. सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर, चांगली. मग डॉक्टरांनी एक एक विचारत नेलं. माझी जखम चिघळली होती, रोज तपकिरी औषधाने धुवायचे. बाळाच्या नाळेलाही तेच लावायचे, दिवसातून दोनदा. पोव्हिडोन आयोडीन.

मी तर म्हटलं, वरून लावलेलं आत कसं जाईल? त्यांनी सांगितलं, नवजाताची कातडी पातळ असते, आणि जखमेतून माझ्या रक्तात गेलेलं माझ्या दुधातूनही गेलं. औषध बदललं. बाळाला काही महिने थायरॉक्सिनची (म्हणजे टी४ ची) गोळी होती, थेंबाएवढी, दुधात कुस्करून द्यायची. मग हळूहळू बंद केली. आता तो पाच वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो.

गोळी दिल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू घडत असतो, तिथे "बघू काही आठवडे" हा जुगार नको, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. सात वर्षांच्या मुलीत थांबून बघता येतं, तान्ह्या बाळात तसं चालत नाही.

सूक्ष्मदर्शक

फार महत्त्वाचा प्रतिसाद. त्या तपकिरी औषधाच्या १० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम उपलब्ध आयोडीन असतं. त्यातलं थोडंसं जरी आत गेलं तरी बाळाला पुष्कळ झालं.

याच पंगतीतलं आणखी एक: सीटी स्कॅनच्या वेळी चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचतात ते आयोडीनयुक्त द्रव्य, कॉन्ट्रास्ट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांगितलं की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना ते दिलं असेल तर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासावा. म्हणून स्कॅन टाळायचा नाही, नंतरच्या तपासणीची आठवण ठेवायची. हृदयाच्या ठोक्यांवरच्या अमिओडॅरोन या औषधातही वजनाच्या ३७ टक्के आयोडीनच असतं.

टिपकागद

थोडं अवांतर. मग अणुभट्टीत अपघात झाल्यावर मुलांना आयोडीनच्या गोळ्या देतात त्या? तो तर डोंगराएवढा डोस.

सूक्ष्मदर्शक

अवांतर नाही, याचीच दुसरी बाजू आहे. तिथे वुल्फ-चायकॉफ मुद्दाम वापरतात. ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकायची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन आत शिरत नाही. तीन ते बारा वर्षांच्या मुलाला ६५ मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, नवजाताला १६, आणि शक्यतो एकदाच. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने एक कोटीहून जास्त मुलांना हे दिलं. ३२१४ नवजातांपैकी १२ जणांचा टीएसएच वाढला, तोही तात्पुरता. एकदाच दिलेला मोठा डोस बहुतेकांनी पचवला. त्रास होतो तो रोजच्या रतिबाने.

अबोली_पण_बोलकी

हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा गप्प आहे, म्हणजे पटलंय. सासूबाई मात्र मिठावरून हटत नाहीत. "जास्त झालंय ना, मग सगळंच बंद करा." काय सांगू?

खडूस_काका

त्यांना हिशेब सांगा. जेवणाबद्दल ज्येष्ठांशी वाद घालायचा तर आकड्यांनीच घालावा, नाहीतर हरणं नक्की.

किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन घातलेलं मीठ धरा. म्हणजे ग्रॅमला ३० मायक्रोग्रॅम. मुलीने दिवसात ३ ग्रॅम मीठ खाल्लं तर ९० झाले. तीनशे गाठायला दहा ग्रॅम मीठ खावं लागेल, आणि दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्या मुलीच्या बाबतीत आयोडीन ही दुसरी काळजी. पहिली रक्तदाब.

दोन_वेण्या

शिवाय आयोडीन कमी पडण्याचं दुखणं जास्त वाईट. एका डब्याच्या रागापायी मुलीला दुसऱ्या खड्ड्यात ढकलायचं नाही. आमच्याकडे बाळ बरं झाल्यावर मीही मीठ बदलायला निघाले होते, डॉक्टरांनी हात धरला.

रानवारा

म्हणजे मीठ पूर्ण निर्दोष?

सूक्ष्मदर्शक

पूर्ण म्हणवत नाही. मीठ ठरल्यापेक्षा जास्त आयोडीन घालून बनलं, किंवा तिथल्या पाण्यातच भरपूर आयोडीन असलं, तर बेरीज चढते. चीनच्या काही भागांत भूजलात इतकं आयोडीन आहे की तिथे बिनआयोडीनचं मीठ देतात. अल्जीरियातल्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांत पाणी आणि जनावरांचं दूध दोन्हींत आयोडीन जास्त, तिथल्या मुलांत मोठे थायरॉइड सापडलेत. पण ही त्या त्या जमिनीची गोष्ट. बाकी ठिकाणी मिठाचं काम चोख चालतं. जास्तीचं मूळ बहुतेक वेळा एखाद्या बाटलीत, डब्यात किंवा मलमात सापडतं.

तुमचे मिस्टर "लागतं त्यानेच बिघडेल कसा" म्हणाले ना, त्यांना सांगा, प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे. जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली, आणि वर्षभरातच काही रोग्यांत धडधड, वजन उतरणं असे प्रकार दिसले. म्हणजे तिकडे उलटा परिणाम, थायरॉइड वेगाने धावायला लागला. मुलांत तो कमी दिसतो, पण मूल चिडचिडं झालं, घामाघूम होतंय, भरपूर खाऊनही वजन घटतंय, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

अबोली_पण_बोलकी

एक शेवटचं. लघवीतलं आयोडीन तपासून घेऊ का? एका प्रयोगशाळेच्या यादीत दिसलं.

सूक्ष्मदर्शक

स्वतःहून नको. ती चाचणी शंभर-दोनशे मुलांचा मध्यक काढून एखाद्या भागाचं चित्र बघायला उत्तम. एका मुलाच्या एका नमुन्यावरून फारसं कळत नाही, कारण काल काय खाल्लं त्यावर आकडा नाचतो. एका माणसाचा जरा भरवशाचा अंदाज हवा तर दहाएक नमुने लागतात. तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे: डबा बंद केल्यावर टीएसएच उतरतो का.

जाता जाता, लेकीला केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. थायरॉइडच्या काही चाचण्या त्याने चुकतात.

टिपकागद

माझ्या डब्यावर आकडा सापडला. एका चमच्यात ४५० मायक्रोग्रॅम. माझं पोर अडीच वर्षांचं आहे. डबा गेला कचऱ्यात. उद्या डॉक्टरांकडे.

अबोली_पण_बोलकी (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, माफ करा. विचारून गायब झालेल्यांचा मलाच राग येतो, म्हणून.

अँटीबॉडी निगेटिव्ह. पूड बंद केल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच ४.६. गोळी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिन्यांनी एकदा बघू, आणि उंची-वजनाची नोंद दर भेटीत ठेवू. पोट सुधारलंय. दमणं कमी झालंय की शाळेला सुट्टी लागली म्हणून तसं वाटतंय, सांगता येत नाही.

मीठ तेच आहे. काकांचा हिशेब सासूबाईंना दोनदा समजावला. तिसऱ्यांदा त्यांनीच शेजारणीला सांगितला.

अवघड गेलं ते जाऊबाईंना फोन करणं. त्यांनी प्रेमाने दिलं होतं, कसं बोलावं कळेना. आठवडाभर टाळलं. शेवटी बोलले, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "अगं, आमचा निनू वर्षभर घेतोय. रोज एक चमचा. त्याची उंची वाढत नाही म्हणूनच तर सुरू केलं होतं." काल त्याचं रक्त दिलंय. रिपोर्ट परवा येईल.